अंगणातली वेगळी चूल

मध्यंतरी वाडीतली पोरं माझ्याकडं आली होती. नवा रस्ता झाल्यापासून आमच्याकडच्या जमिनीवर शहरातल्या लोकांची नजर आहे, म्हणून या पोरांनी एक समिती काढली आहे. गावाला विचारल्याशिवाय कुणी प्लॉट पाडायचे नाहीत, बाहेरच्याला रान द्यायचं नाही, असं त्यांचं चाललं आहे. चांगलं आहे. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की तुमच्या आजोबांच्या वेळी वाडीनं असंच केलं होतं, आणि त्या वेळचं बघितलेली आता ही एकच म्हातारी उरली आहे. एकानं फोन माझ्या तोंडापुढं धरला आणि म्हणाला, "आजी, सांगा, त्या बाईनं माळ कसा घालवला." मी म्हणाले, "बाईनं नाही घालवला. तू फोन खाली ठेव, मग सांगते." सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. चहा पिऊन निघून गेली. म्हणून आता लिहून ठेवते. मी चौथी शिकलेली आहे, तेवढ्यात जमेल तसं लिहिते.

आमची वाडी देवगाव रंगारीपासून आत, माळाच्या पायथ्याला. निम्मी घरं रानवाल्यांची, निम्मी आमच्यासारख्या मेंढरंवाल्यांची. आमच्याकडं मेंढरं होती आणि थोडं रानही होतं. आज्याला दोन मुलगे, त्यातला माझा बाप धाकटा. थोरला मी पाहिलेला नाही. मेंढरं घेऊन खाली गोदाकाठाला गेला होता, तिथंच तापानं गेला. त्याला मूल नव्हतं. त्याची बायको कोंडाबाई, तिला आम्ही मोठी माय म्हणायचो. वाटण्या आज्याच्या डोळ्यांदेखत झाल्या होत्या, त्यामुळं थोरल्याचं वरचं रान तिच्या नावावर आलं. नावावर आलं म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात आलं. कसत होता माझा बाप, पीक येत होतं आमच्या कणगीत, आणि मोठी माय जेवत होती आमच्या चुलीवरचं. तिला कुणी छळत नव्हतं. तिला कुणी काही विचारतही नव्हतं.

घरातला पहिला आवाज भाकरीचा. माय परातीत भाकरी थापायची आणि मोठी माय बाजूला बसून जाळ सारायची. मग वाड्यातली मेंढरं ओरडायला लागायची, कारण त्यांनाही कळायचं की आता दादा, म्हणजे माझा बाप, भाकरी बांधून घेणार आणि काट्याची झाप उघडणार. येसर करायचं काम मोठ्या मायकडं होतं. गहू, बाजरी, हरभऱ्याची डाळ, धने, मिरच्या असं सगळं तव्यावर भाजून ती जात्यावर दळायची, आणि त्या दिवशी आख्खी आळी शिंकत असायची. त्या येसराची पातळ आमटी आणि ज्वारीची भाकर, हेच आमचं जेवण. अंबाडीची भाजी असली तर सण. आता माझी सून मिक्सरमध्ये येसर करते. जुनी माणसं म्हणतात पहिली चव राहिली नाही. मला विचाराल तर मिक्सरचं बरं आहे, खांदे दुखत नाहीत. काम झालं की मोठी माय भिंतीला टेकून टकळीवर लोकर कातायची. तिच्या हातात टकळी नाही असं मला फारसं आठवत नाही. बोलायची कमी. बोलली की समोरच्याला गप्प करायची.

माळ सरकारचा, गायरान. तीन बाजूंनी कडा, चढायला एकच वाट, आणि ती मोठ्या मायच्या रानातून जायची. वाडीतली झाडून सगळी मेंढरं, गुरं, शेळ्या त्या वाटेनं वर चढायच्या. रानवाल्यांनाही माळ हवा होता. मेंढरं माळावर जगली तर उन्हाळ्यात त्यांच्या रानात बसणार, त्यांच्या लेंड्यांनी रान पिकणार. आणि माळावरचा ओढा त्यांच्या विहिरींना पाणी देत होता. एरवी ही दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या बांधावरून भांडत, पण माळाबद्दल कधी भांडण नव्हतं.

मग शहरातून रानं विकत घेणाऱ्याची जीप यायला लागली. आधी ती शेजारच्या वाडीत गेली. तिथल्या माणसांनी एकाचं बघून एकानं अशी रानं देऊन टाकली. एका हंगामात तिथं तार आली, बोअर पडले, आणि त्या वाडीच्या विहिरी तळाला गेल्या. ज्यांची रानं होती त्यांच्याच बाया तारेच्या आत विटा उचलायला जाऊ लागल्या. आम्ही पोरी ते बघायला गेलो होतो. माझ्याएवढी एक पोरगी डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. आमच्याकडं बघून तिनं मान वळवली. त्यानंतर आमच्या वाडीत जीपचा आवाज आला की माणसं बोलायची थांबत.

रानवाल्यांमध्ये दगडूनाना वयानं आणि अकलेनं मोठे. त्यांनी सगळ्यांना खंडोबाच्या देवळापुढं बोलावलं. आमच्याकडं शब्द पक्का करायचा तर देवाचा भंडारा, म्हणजे हळद, हातात घेऊन करतात. तो शब्द मोडला तर घर बुडतं असं सगळे मानत. आम्ही बायापोरी देवळाच्या भिंतीमागून ऐकत होतो.

नाना म्हणाले, "शेजारच्यांचं काय झालं ते बघितलं ना? आपल्यात कुणी बाहेरच्याला रान द्यायचं नाय. द्यायची पाळी आलीच तर आधी गावाला इचारायचं. जो मोडंल, त्याच्या रानात मेंढरं बसायची नायत, आन् त्याच्या मयताला खांदा मिळायचा नाय. घरटी एकानं भंडारा उचला."

वाडीत घर मोजायचं ते चुलीवरून. चूल वेगळी तर घर वेगळं, वर्गणी वेगळी, बैठकीला माणूस वेगळा. त्या हिशेबानं एकेका चुलीचा एकेक पुरुष पुढं गेला. सोपाना नावाचा एकजण होता, त्याच्याकडं एका शेळीशिवाय काही नव्हतं. त्यानं सगळ्यांत मोठी मूठ भरली.

"सोपाना, तू काय शेळी इकणार का जीपवाल्याला?" कुणीतरी विचारलं.

"इकली तरी गावाला इचारूनच इकीन!"

सगळे हसले. दादानं आमच्या चुलीचा भंडारा उचलला. मोठी माय आमच्या चुलीवर जेवायची, म्हणून ती वेगळं घर नव्हती, म्हणून तिचं नाव निघालं नाही. ती माझ्या शेजारीच उभी होती. कपाळावर हळद उडालेली माणसं येळकोट करत बाहेर पडली आणि वाडीला वाटलं आता माळाला धोका नाही. आमच्या माणसांना चुली मोजता येत होत्या. जीपवाल्याला तलाठ्याचं दप्तर वाचता येत होतं.

पिशोरच्या बाजाराच्या दिवशी, गडीमाणसं बाजाराला गेलेली असताना, जीप आमच्या दारात थांबली. माणूस अदबीचा होता. चपला बाहेर काढल्या, मायनं टाकलेल्या घोंगडीवर बसला आणि म्हणाला, "कोंडाबाई कोण?" त्या नावानं तिला हाक मारणारं घरात कुणी उरलं नव्हतं. मायनं नुसता हात केला. मी पाण्याचा तांब्या आणला.

"ताई, तुमचं वरचं रान बघितलं. मस्त हाय. काय पेरता तुम्ही त्यात?"

"मी पेरत नाय," मोठी माय म्हणाली. "दीर पेरतो."

"तुम्हाला इचारून?"

टकळी फिरत राहिली. जीपवाला तेवढंच विचारून थांबला. पाणी प्यायला आणि उठला. "जल्दी नाही ताई. आरामशीर सोचा. जबरदस्तीचं काम आपण करत नाही."

जीप गेल्यावर माय म्हणाली, "बाई, ह्यांना सांगू नका कुणी आल्तं म्हून."

"कामून? मी चोरी केली का?"

संध्याकाळी दादा जेवायला बसला तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, जीपवाला आला होता म्हणून. मग आमटी वाढता वाढता विचारलं, "भाऊजी, यंदा वरच्या रानात काय टाकायचं?"

दादा हसला. रागावला असता तर बरं झालं असतं असं मला आता वाटतं. "वैनी, तुमाला काय करायचंय? भाकर मिळती ना येळंवर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर मायच्या भाकरीचा आवाज येत नव्हता. ती परातीत हात ठेवून अंगणाकडं बघत बसली होती. अंगणात लिंबाखाली मोठ्या मायनं तीन धोंडे मांडले होते. ती आत आली, आमच्या चुलीतली एक पेटती गोवरी चिमट्यात धरली आणि बाहेर नेली. थोड्या वेळानं तिथून धूर वर गेला. एका घरातून दोन धूर निघाले की वाडीला काय कळायचं ते कळतं. बघता बघता बाया काही ना काही निमित्त काढून दारावरून जाऊ लागल्या. एकीला विस्तव हवा होता, एकीला चाळणी.

दादा मेंढरांकडून धावत आला. "घरात चूल असताना उघड्यावर कामून?"

"ती तुमची हाये."

त्यानं लाथ मारली. निखारे अंगणभर उडाले, मेंढरं बुजली, मी रडायला लागले. मोठ्या मायनं पदर हाताला गुंडाळला, धोंडे गोळा केले आणि परत होते तिथंच मांडले. दादानं कणगीच्या खोलीला कुलूप घातलं. आम्हाला सांगितलं, तिला विस्तव द्यायचा नाही, पीठ द्यायचं नाही. गावात तसा ठराव झाला नाही, पण विहिरीवर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला होऊ लागल्या. पारावरची माणसं ती जाताना गप्प बसायची आणि पुढं गेली की थुंकायची. एका सकाळी तिच्या चुलीत कुणीतरी पाणी ओतलेलं होतं. तिनं राख काढली आणि परत पेटवली. पुढं एका सकाळी राखेत पायाचा मोठा ठसा होता, आमच्या घरातल्या कुणाचा नव्हता. दादानं तो बघितला आणि मेंढरांकडं निघून गेला. मला त्या दिवसापासून अंगणात एकटीला जायची भीती वाटू लागली. गाव आमचंच होतं, माणसंही तीच, जी मला रानातून हरभरा उपटून द्यायची. पण आपल्या अंगणात येऊन पाय उमटवून जाणारा त्यातला कोण, हे कळत नव्हतं.

मग भरदुपारी जीप आली आणि ड्रायव्हरनं ज्वारीचं पोतं उतरवून तिच्या चुलीपाशी ठेवलं. सगळ्या वाडीनं बघितलं. माय दारातूनच दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, ते खाल्लं म्हंजे झालं बघा."

"उपाशी ऱ्हाऊन बी व्हायचंच हाये," मोठी माय म्हणाली आणि पोत्याची शिवण उसवायला बसली.

दुसऱ्याच दिवशी नानांनी बैठक बोलावली. विषय तिचाच, बोलावणं तिला नाही. ती पदर घेऊन निघाली. माय मला म्हणाली, "जा तिच्या मागं." त्यामुळं पुढचं सगळं मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं आहे. पोरांच्या समितीला कुणी काहीही सांगो.

देवळापुढं पुरुष बसलेले, ताटात भंडारा. तिला बघून नाना म्हणाले, "कोंडाबाई, बायांनी घरी बसावं. तुमचा इषय आमी काढतोच हाये."

"माझा हाये म्हून तर आले. घरटी एक भंडारा ना? माझी चूल वेगळी झाली. मी उचलते."

"चूल म्हणं!" सोपाना ओरडला. "तीन धोंडं!"

"तुझ्या घरात काय पाच हायेत व्हय रं?"

हसू आलं आणि तसंच विरलं. ती पुढं म्हणाली, "मी रान इकणार नाय. देवाम्होरं सांगते. वाट बी मोकळी ठेवते, समद्यांच्या मेंढरांना. जीपवाल्याचं पोतं माघारी देते. पर माझं रान मी कसणार. पीक माझ्या कणगीत. आन् बैठकीचा सांगावा मला यायचा. व्हय म्हना, आत्ता उचलते."

नाना हिशेबी माणूस. त्यांनी दादाकडं बघितलं. "किसन, बाई वावगं बोलत नाय. वाट ऱ्हाती. माळ ऱ्हातो. तुझं काय म्हननं?"

वाडीत सगळ्यांत जास्त मेंढरं माझ्या बापाची. माळ गेला तर सगळ्यांत आधी तो बुडणार, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण वरचं रान गेली कित्येक वर्षं तो स्वतःचं म्हणून नांगरत आला होता. तो उभा राहिला.

"निम्मं रान तिला दिल्यावर मी खाऊ काय, नाना? आन् आज हिचं ऐकलं, उद्या तुमच्या घरात काय हुईल? बाईच्या भंडाऱ्यावर गाव चालणार का?"

त्या शेवटच्या बोलण्यावर माणसांच्या माना हलल्या. मी एकेकाचं तोंड बघत होते. कुणाची आई, कुणाची विधवा भावजय, कुणाची नवऱ्यानं टाकलेली बहीण, नावावर रान असलेली एखादी बाई प्रत्येकाच्या घरात जेवत होती. प्रत्येकाला आपल्या अंगणातले धोंडे दिसले असणार. नानांनाही दिसले असतील, कारण त्यांनी भंडाऱ्याचं ताट उचललं आणि देवळात आत नेऊन ठेवलं.

"वैनी, घरी जा," दादा म्हणाला. "चूल मोडा. पोटाला कमी पडू देनार नाय."

"बरं," मोठी माय म्हणाली.

घरी येऊन चूल तिनं मोडली, दादाला वाटलं ऐकलं. सकाळी जीप आली; सांगावा तिनं कुणाहाती धाडला ते मला कधी कळलं नाही. तिनं एक गाठोडं आणि टकळी घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. तालुक्याला, कन्नडला, रानाच्या विक्रीचा कागद झाला. माझ्या मायनं दारात उभं राहून बघितलं, दादा मेंढरांत होता. मोठी माय पिशोरकडं भावाच्या गावी राहिली, तिथं तिनं स्वतःच्या नावावर थोडं रान घेतलं आणि स्वतः कसलं. लग्नानंतर मी तिला एकदा भेटायला गेले. झुरत वगैरे नव्हती. गुडघे दुखतात म्हणाली, आणि ज्वारी दाखवायला मला रानात घेऊन गेली.

आमच्या वरच्या रानात लोखंडी खांब रोवले गेले, तार ओढली गेली. ज्या दिवशी फाटक बसलं त्या दिवशी मेंढरं नेहमीसारखी वाट चढून गेली आणि तारेला तोंडं लावून उभी राहिली. मागची पुढच्यांवर रेटत होती. दादानं कड्याच्या बाजूनं चढवायचा प्रयत्न केला, त्यात कोकरं खाली पडली. मग तो ती परत घेऊन आला. दिवसभर भुकेली मेंढरं अंगणात ओरडत होती आणि घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पुढं ती थोडी थोडी करून विकली गेली. माळ अजून सरकारचाच आहे. तारेच्या आत बंगले झाले, ते बंगलेवाले सकाळी तिथं बूट घालून फिरतात. शहरात क्रांती चौकात त्या बंगल्यांच्या जाहिरातीचा मोठा फलक आहे, त्यावर आमचा माळ आहे, हिरवा रंगवलेला. तो एवढा हिरवा कधीच नव्हता.

गाव म्हणतं बाईनं माळ घालवला. माझ्या बापानं घालवला, आणि माना हलवणाऱ्या बाकीच्यांनी. बाप वाईट नव्हता. मला त्यानं कधी मारलं नाही, माझं लग्न नीट केलं. तरी जे झालं ते हे असं झालं.

वरच्या रानाला तार ओढली गेल्यावर गाव घाबरलं. ओढ्याकडची रानं अजून शिल्लक होती, ती गेली तर विहिरी जाणार होत्या. नानांनी परत सगळ्यांना देवळापुढं बोलावलं. या वेळी शब्द आणखी कडक होता, मोडणाऱ्याचं घरदार वाडीबाहेर. आणि परत घरटी एक पुरुष. आम्ही बाया परत भिंतीमागं. दादानं सगळ्यांच्या आधी जाऊन भंडारा उचलला आणि इतक्या मोठ्यानं शब्द उच्चारला की माझ्या शेजारची बाई दचकली.

मायनं इकडं तिकडं बघितलं आणि विचारलं, "गोदी कुठं दिसना?" गोदी म्हणजे वाडीच्या शेवटच्या घरातली. तिचा नवरा तिला सोडून निघून गेला होता आणि सासऱ्यानं मरताना ओढ्याकाठचं रान तिच्या नावावर केलं होतं. कसत तिचा दीर होता. तो आत देवळापुढं ओळीत उभा होता.

भिंतीच्या टोकाला गेलं की उतारावरून तिचं घर दिसायचं. माय तिथवर गेली, मी तिच्या मागं, मग बाकीच्या बायाही आल्या. गोदीच्या दारात जीप उभी होती. गोदी अंगणात वाकून धोंडे मांडत होती. आत येळकोट चालला होता. आम्ही सगळ्या तिथं उभ्या राहून बघत होतो, आणि पुरुषांना सांगायला आमच्यातली एकही गेली नाही.